होडीला भोक न पाडता डेप्थ साउंडर

बेलापूरच्या खाडीत भरतीला जिकडेतिकडे पाणी दिसतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरांच्या घरात जातो आणि ओहोटीला त्याच जागी चिखल उघडा पडतो. काठावरच्या दिवाळे गावातल्या कोळ्यांना खाडीतल्या वाटा पाठ असतात. शिडाची जुनी होडी घेऊन नव्याने उतरणाऱ्याने मात्र डेप्थ साउंडर, म्हणजे पाण्याची खोली मोजणारं यंत्र, लावून घ्यावा.

त्यातला कामाचा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. त्यातली सिरॅमिकची चकती विजेने थरथरते, आवाज तळाला आपटून परत येतो आणि यंत्र त्याला लागलेला वेळ मोजतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. दहा मीटर खोलीला जाऊन-येऊन जेमतेम १३ मिलिसेकंद. आवाजाच्या वाटेत हवा आली की मात्र सगळं बिनसतं.

होडी फायबरची आणि तळ भरीव असेल, तर भोक पाडूच नये असं माझं मत. आतून चिकटवलेल्या ट्रान्सड्यूसरचा आवाज फायबरमधून पार होतो. थोडा जोर कमी होतो, पण खाडीपुरता तो पुरतो. तळात फोम किंवा बाल्साचा थर असेल तर हा मार्ग बंद. लाकडी होडीत भोक अटळ, आणि तिथे फिटिंग ब्राँझचंच हवं; लाकूड पाणी पिऊन फुगलं की प्लास्टिकचं फिटिंग तडकू शकतं.

ट्रान्सड्यूसरची जागा कीलच्या, म्हणजे होडीच्या तळाखालच्या कण्याच्या, पुढची, शक्य तितकी सपाट. चिकटवण्याआधी होडी पाण्यात असतानाच चाचणी घ्यावी: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवून पिशवी तळाला आतून दाबून धरायची. तळ ओला करून घेतला की पिशवीखाली हवा राहत नाही. आकडा स्थिर आला तर जागा पक्की. मग तिथला जुना रंग खरवडून, तेलकटपणा पुसून इपॉक्सी लावायचं. ते हळूहळू ढवळावं, घाईने फेटलं की बुडबुडे शिरतात. आणि आपल्या उन्हात ते पटकन घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवावं. ट्रान्सड्यूसर किंचित फिरवत दाबून बसवला की उरलीसुरली हवा कडेने निघते. केबल लांब वाटली तरी कापू नये.

आता आकडा कुठून मोजायचा, हे यंत्राला सांगायचं. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या रेषेखाली ०.४ मीटर आणि कीलचं टोक १.२ मीटर खाली असेल, तर ०.८ मीटर वजा करायला लावायचं. मग दिसेल ते कीलखालचं पाणी. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून एकदा ताडून घ्यावं. दोरीवर मिळेल ती पूर्ण खोली, त्यातून १.२ वजा करून आकडे जुळवायचे.

तरी खाडीत दोन्ही जुळतीलच असं नाही. तळाशी पातळ गाळाचा थर असतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो, ५० किलोहर्ट्झचा त्यातून खाली उतरू शकतो, आणि वजन तर गाळात रुततंच. होडी हाकताना यांतला सर्वांत उथळ आकडा धरावा.