अहवालाची वाट पाहताना

पोटात दुखते म्हणून एखादी भगिनी डॉक्टरांकडे जाते, सोनोग्राफी होते आणि हाती एक कागद पडतो. उजव्या अंडाशयात गाठ आहे, आकार अमुक सेंटिमीटर, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे, एवढाच त्यातील मजकूर. डॉक्टरांना तो नित्याचा. परंतु खानापूरकडच्या खेड्यातून बसने बेळगावला आलेली ती भगिनी त्याच बसने परत निघते, तेव्हा ते सहा आठवडे तिला डोंगराएवढे वाटू लागतात. अशा भगिनी आम्हांस धर्मग्रामात वरचेवर भेटतात, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटले. विषय संकोचाचा आहे खरा. पण त्या संकोचानेच निम्मे दुःख वाढते.

भीतीचा पहिला उगम आपल्या भाषेतच आहे. रुमालाच्या टोकाला मारतो ती गाठ, काखेत येते ती गाठ, आणि कर्करोगाची तीही गाठच. वस्तुतः ज्यास डॉक्टर सिस्ट म्हणतात ती बहुधा द्रवाने भरलेली पातळ पिशवी असते. पाळी चालू असण्याच्या वयात दर महिन्यास अंडाशयात स्त्रीबीजाभोवती अशी एक लहान पिशवी तयार होते, सुमारे दोन सेंटिमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडते. एखाद्या महिन्यात ती फुटतच नाही, किंवा फुटल्यावर पुन्हा भरते. तीच मग सोनोग्राफीत गाठ म्हणून दिसते. अशा गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरून जातात. तेव्हा सहा आठवडे थांबा असे सांगण्यात डॉक्टरांची हयगय नसते. ते थांबणे हीच तपासणी होय. गाठ विरली तर ती कोणत्या जातीची होती हे काळानेच सांगितले. राहिली तर पुढचा विचार.

राहणाऱ्या गाठींपैकीही बहुसंख्य कर्करोगाच्या नसतात. डर्मॉइड नावाच्या एका प्रकारात केस, चरबी, क्वचित दातही सापडतात. हे ऐकून करणीचा संशय घेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत! बीजपेशींत शरीराचे नाना घटक निर्माण करण्याची शक्ती असते, तिचाच तो भलत्या जागी झालेला आविष्कार. त्यात कोणा शेजारणीचा काही हात नसतो. पाळी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र डॉक्टर अधिक सावध असतात, आणि ते योग्यच आहे.

पुष्कळदा सीए-१२५ नावाची रक्ततपासणी सांगितली जाते. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट व त्यांचे सहकारी यांनी ती शोधाची वाट उघडली. सामान्यतः ३५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. त्याहून अधिक आला की घरात रडारड सुरू होते. परंतु हा आकडा पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, अंडाशयात जुने रक्त साचणाऱ्या गाठीत, एवढेच नव्हे तर पोटाच्या क्षयातही वाढतो. उलट आरंभीच्या कर्करोगात तो कधी कधी मुळीच वाढत नाही. सोनोग्राफी, वय आणि लक्षणे यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून त्या आकड्यास अर्थ नाही.

इतके समजूनही भय जात नाही, हा आमचा अनुभव आहे. भगिनी दिवसातून दहादा पोट दाबून पाहते, दाबून दाबून ते दुखू लागते, आणि ते दुखणे हाच नवा पुरावा होऊन बसतो. रात्री घर निजले की मोबाइलच्या उजेडात ती रोगांची वर्णने वाचते. कोणी धीर दिला तर तासभर बरे वाटते, मग पुन्हा तोच प्रश्न.

हे वर्तुळ आम्हां धर्मगुरूंना अपरिचित नाही. मनाला शंकांनी ग्रासलेला मनुष्य एकाच पापाचे निवेदन पुनःपुन्हा करतो, क्षमा मिळाली तरी दारापर्यंत जाऊन परत येतो. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली मानरेसा येथे याच यातनेत होते. जे अगदी स्पष्ट असेल तेवढेच मागचे पाप सांगा, अशी आज्ञा त्यांना मिळाली. पण त्यांना सगळेच स्पष्ट वाटू लागले! मागच्या पापांचे निवेदन पुन्हा करावयाचेच नाही असे त्यांनी अखेर ठरविले, तेव्हा ती शृंखला तुटली.

म्हणूनच ‘काही विशेष वाटले तर या’ एवढे सांगणे चिंताग्रस्त भगिनीस पुरत नाही. तिला सारेच विशेष वाटते. नियम आधीच ठरलेला हवा. एका बाजूस अचानक असह्य वेदना, सोबत ओकारी, भोवळ किंवा ताप आला, तर तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, तत्क्षणी रुग्णालय गाठावे; गाठीमुळे अंडाशयास पीळ पडलेला असू शकतो, आणि तेथे विलंब घातक. पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांतच पोट भरणे, वजन उतरणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. बाकीच्या शंका एका वहीत लिहाव्यात आणि ती वही ठरल्या तारखेस डॉक्टरांपुढे उघडावी. डॉक्टर एकच असावा. शस्त्रक्रिया सुचविली तर दुसऱ्याचे मत एकवार अवश्य घ्यावे, पाच जणांचे नको.

आणि भगिनीने एकटीने जाऊ नये. ‘बायकांचे दुखणे’ म्हणून नवरा अंगणात बसून राहतो, ही रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. विवाहाच्या वेळी दिलेल्या वचनात आजारपणही होते. अविवाहित मुलगी असेल तर स्थळे परततील या धास्तीने आई तपासणीच लांबविते. मातांनो, पाण्याने मूत्राशय भरले की अशा मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच करता येते. आणि उद्या एक अंडाशय काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास मातृत्वाची वाट बंद होत नाही. लपविलेल्या गाठीस पीळ पडला तर मात्र धाकटेपणीच अंडाशय गमावण्याचा प्रसंग येतो.

काही भगिनी आपले भय हे अविश्वासाचे पाप समजतात. गेथसेमनीत प्रभू स्वतः भयव्याकूळ झाला आणि त्याने मित्रांची सोबत मागितली. भय पाप असते तर ते त्याला शिवले नसते. वेलंकणी मातेचा नोव्हेना खुशाल करावा, परंतु नोव्हेना संपेपर्यंत सोनोग्राफी पुढे ढकलू नये. वैद्यालाही देवानेच निर्माण केले, असे बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात सांगितले आहे.

अंडाशय काढण्यास किंवा पाळीच्या उपचारार्थ गोळ्या घेण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी आहे काय, असेही हळूच विचारले जाते. नाही. रोग बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे गर्भधारणेस बाध येत असला तरी, निषिद्ध नाही, असे पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘हुमाने विते’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे; मात्र उपचाराचे निमित्त करून गर्भधारणा टाळणे हा हेतू नसावा.

राहिला तैलाभ्यंगाचा संस्कार. फादर तेल घेऊन आले की शेवट जवळ आला, अशी समजूत अद्यापि घरोघर आहे. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल तर तीपूर्वी तो घेता येतो. तारीख ठरली की आदल्या रविवारी मिस्सेनंतर आम्हांस सांगावे; आणि घरी लेकरे लहान असतील तर तेही सांगावे, म्हणजे त्या दिवसांच्या त्यांच्या जेवणाची व्यवस्था शेजारच्या भगिनींकडे लावून देता येईल.