अंगावर काढलेलं दुखणं

कल्याण-डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बायकांना एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पाळी जवळ आली की अर्धशिशी उठते, आणि पाळी जायच्या वयात सांधे धरतात, तळपायांची आग होते. महिला डब्यात हे मोकळेपणाने बोललं जातं, ठाणं येईपर्यंत चार उपायही सुचवून होतात. घरी आणि दवाखान्यात मात्र 'वय झालं', 'टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर बोळवण व्हायची. या निरीक्षणाला चेतापेशींतला पुरावा मिळायला किती काळ गेला, ते पाहिलं की वाईट वाटतं.

१९५८च्या सुमारास शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक किरणोत्सारी खूण लावून उंदरांच्या माद्यांना दिलं आणि ते गर्भाशयात धरून ठेवलं जातं असं दाखवलं. त्याला धरणारं प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पुढे बराच काळ ही कथा गर्भाशय आणि स्तन यांच्याभोवतीच फिरली. आपल्याकडे परळला १९७० साली प्रजनन संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, 'माला-डी' या गर्भनिरोधक गोळीतून इस्ट्रोजेन घराघरांत पोचलं. पण त्याचा संबंध दुखण्याशीही असेल, हा विचार दूरच होता.

एक जुना प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रायन सॉमरव्हिल यांनी पाळीच्या वेळी अर्धशिशी होणाऱ्या काही स्त्रियांना पाळीआधी इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. पाळी वेळेवर आली, डोकेदुखी लांबली. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-संप्रेरक दिल्यावर उलट झालं: पाळी लांबली, डोकं ठरल्या वेळी दुखलं. म्हणजे रक्तस्राव हे कारण नव्हतंच, इस्ट्रोजेनची घसरण होती.

पण ही घसरण चेतांना कळते कशी? मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मज्जारज्जूच्या बाहेर, संवेदी चेतापेशींचे पुंजके असतात. स्पर्श, चटका, कळ यांची पहिली वर्दी तिथून जाते. मेंदूला असतो तसा रक्तापासूनचा कडक पडदा या पुंजक्यांना नाही, त्यामुळे रक्तातले संप्रेरकांचे चढउतार तिथे सहज पोचतात. १९९४ साली फरीदा सोहराबजी आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदरांच्या याच पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर असल्याचं दाखवलं. १९९६मध्ये रिसेप्टरचा दुसरा प्रकार, बीटा, हाती लागला, तोही नर उंदराच्या प्रोस्टेटमध्ये! तोही पुढे संवेदी चेतापेशींत आढळला. हे दोन्ही मुख्यतः जनुकांमार्फत तासां-दिवसांत परिणाम करतात. पेशीच्या पटलांशी जोडलेला तिसरा, २००५च्या सुमारास ओळखला गेलेला, काही मिनिटांतच. त्यामुळे एकच संप्रेरक कधी वेदना शमवतं, कधी वाढवतं. मात्रा, वेळ, पेशी बदलली की उत्तर बदलतं.

तरीही प्रयोगशाळांत नर उंदीरच वापरले जात राहिले. माद्यांच्या चक्रामुळे आकडे हलतात, ही सबब. २०११च्या एका पाहणीत चेताविज्ञानातल्या केवळ-नर प्रयोगांचं केवळ-मादी प्रयोगांशी प्रमाण ५.५ला १ निघालं. वेदनेच्या तक्रारी बायकांच्या जास्त आणि अभ्यास नरांवर, याचा मला आजही राग येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी दोन्ही लिंगांचा विचार करण्याची अट घातली ती २०१६ साली.

भारतीय स्त्रीची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे नोकरी, प्रवास, मुलांची बारावी हे सगळं चालू असतानाच. या वयातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर इस्ट्रोजेनवर फोडू नये. थायरॉइड, मधुमेह, बी-१२ तपासायलाच हवं. पण दुखण्याच्या तारखा मोबाइलमध्ये पाळीच्या तारखांशेजारी जरूर लिहाव्यात. पाळी सुरू होण्याआधीच्या दोन दिवसांपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, आणि तीनपैकी किमान दोन पाळ्यांत अर्धशिशी उठली, तर डॉक्टर तिला पाळीशी निगडित मानतात. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल तर तेही सांगावं, कारण अशा स्त्रियांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.