ग्रहाच्या पोटातली धग, प्रयोगशाळेत

गुरू ग्रहाच्या पोटात काय चालले आहे, हे पाहायला कुणी आत उतरू शकत नाही. तिथला दाब आपल्या हवेच्या लाखो पट आणि तापमान हजारो अंश! म्हणून शास्त्रज्ञ तशी परिस्थिती प्रयोगशाळेतच, क्षणभरासाठी तयार करतात. त्यांचे एक साधन म्हणजे आयनांचा झोत.

आयन म्हणजे काय?

अणूतून इलेक्ट्रॉन काढला की उरतो तो धनभारित आयन. विजेच्या जोरावर त्याला प्रचंड वेगाने पळवता येते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात असे यंत्र आहे. 'पेलेट्रॉन' नावाचा हा १.४ कोटी व्होल्टचा त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. मात्र त्याचा झोत विरळ असतो. त्याचे मुख्य काम अणुकेंद्रकांचा अभ्यास हे आहे, लक्ष्य तापवणे नव्हे.

झोत दाट कसा करतात?

तापलेला पदार्थ लगेच फुगून विखुरतो. त्याआधीच सगळी ऊर्जा त्यात ओतावी लागते. म्हणून झोत दोन प्रकारे आवळतात. भिंग उन्हाला एका ठिपक्यावर आणते, तसे चुंबक आयनांना आणतात. शिवाय पुढच्या आयनांना जरा रोखतात आणि मागच्यांना ढकलतात, म्हणजे सगळे जवळजवळ एकदमच लक्ष्यावर पोहोचतात.

अडचण एकच: सारखा भार असल्याने आयन एकमेकांना दूर लोटतात. त्यावर उपाय म्हणून वाटेत प्लाझ्मा ठेवतात. त्यातले इलेक्ट्रॉन हा दुरावा शमवतात. अमेरिकेत बर्कले येथील 'एनडीसीएक्स-२' यंत्राने याच पद्धतीने १२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हेलियम आयनांचा झोत काही नॅनोसेकंदांत, मिलिमीटरभर जागेत आणला. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग!

आयनच का?

लेसरचा प्रकाश घन पदार्थाच्या पृष्ठभागावरच अडतो. आयन आत शिरतात आणि थांबण्याच्या बेतात असताना सर्वाधिक ऊर्जा सोडतात. याच गुणाचा उपयोग खारघरच्या 'ॲक्ट्रेक' केंद्रात कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉन सोडताना होतो. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा आयनच. गाठीपलीकडच्या निरोगी पेशी त्यामुळे बऱ्याच अंशी वाचतात.

भारताचा वाटा

जर्मनीत डार्मस्टाट येथे 'फेअर' हे भव्य त्वरक केंद्र उभे राहत आहे. त्याच्या मुख्य वर्तुळाचा घेर सुमारे ११०० मीटर आहे. २०१० साली त्याच्या करारावर सही करणाऱ्या नऊ देशांत भारतही होता. तिथे जड आयनांनी पदार्थ तापवून ग्रहांच्या अंतरंगाचा अभ्यास करायचा आहे.

कुलाब्याच्या संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हात भाकीत केले होते, की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. ते अजून पुरते खरे झालेले नाही. अतितप्त, अतिदाट पदार्थ नेमका कसा वागतो, हे कळले तर त्या वाटेवर मदत होऊ शकते. आयनांच्या झोताने तापवलेला इवलासा ठिपका हेच शिकवतो.