पदवी मागाहूनही येते

बारावीचा निकाल लागला की पेढे वाटायच्या आधीच घरात हिशेब सुरू होतो. धाकटी डहाणूला अशाच एका निकालाच्या दिवशी ओळखीच्या घरी बसलो होतो. मुलगी पास झालेली. वडील बोटीवर खलाशी, आई बंदरावर मासळी निवडायला आणि सुकवायला जाते. मुलीच्या पाठची दोन भावंडे शाळेत. आई म्हणाली, “भाऊ, तीन वर्षे कॉलेजचा खर्च, आणि तेवढे दिवस तिची कमाईही नाही. पदवी काही आमच्या नशिबात नाही. मग हिने पुढे करायचं काय?”

नशिबाचा येथे काही संबंध नाही. प्रश्न पैशाचा आहे आणि माहितीचाही आहे. पैसा लगेच उभा करता येत नाही, पण माहिती आपण एकमेकांना देऊ शकतो. म्हणून हा लेखप्रपंच.

डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून येथे कारखान्यांवर मर्यादा आली. किनाऱ्यावर मासेमारी, आत चिकूच्या वाड्या, फुग्यांचे कारखाने; त्यापलीकडची नोकरी हवी तर सकाळची गाडी धरून बोईसर-तारापूर गाठावे लागते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे, आणि तो पोटाचा आहे. पण कारखाना असो वा बंदर, ज्याच्या हातात कसब आहे पण कसबाचा कागद नाही, त्याला गेटवर हेल्पर म्हणूनच उभे करतात. दहा-दहा वर्षे वेल्डिंग करूनही हेल्परच्या पगारावर राहिलेली माणसे आपल्या वस्त्यांत थोडी नाहीत.

पदवी नसताना माणूस पुढे जातो का? उदाहरण शोधायला लांब जायला नको. याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावला त्यांचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी बालविधवेचे आयुष्य तिथेच संपायचे. पण त्या शिकल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे मास्तरकी केली. पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत असताना रात्रशाळेत बसून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या. पुढे हे काम कोसबाडला गेले. मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळाच रानात न्यायची, अशी कुरणशाळा तेथे चालली. बालवाडी अंगणात नेण्याचा, अंगणवाडीचा विचारही याच कामातून आला. हे सर्व उभे राहिले तेव्हा अनुताईंजवळ पदवी नव्हती. बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या ५१व्या वर्षी. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अनुताईंची अडचण आणि आपली अडचण एक नाही. त्यांच्या वाटेत वैधव्य आडवे आले, आपल्या वाटेत जात आणि गरिबी. पण पायऱ्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी हाताला काम, मग कामासोबत एकेक परीक्षा, आणि पदवी सर्वांत शेवटी. कमावत्या माणसाला शिकता यावे हा विचार बाबासाहेबांनीही केला होता. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे विद्यार्थ्याला पुढे दिवसभर नोकरी करता यावी.

आता आजच्या पायऱ्या पाहू.

ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खासगी बसावे. वर्गात हजेरी लावण्याची गरज नाही. कामावर असलेला माणूस वर्षभर रात्री अभ्यास करून परीक्षा देऊ शकतो.

दहावी झालेल्यांसाठी आयटीआय आहे. वेल्डर एका वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. आयटीआयनंतर १९६१च्या कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून लागले तर काम शिकताना विद्यावेतन मिळते. शिक्षण येथे संपत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या पदवीलाही तसाच थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे मधल्या कोणत्याही पायरीवर नोकरी करता येते आणि वरची पायरी उघडीच राहते.

ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आठवडाभर काम आणि घरी अभ्यास, असे करून मिळालेली त्याची पदवी ही खरी पदवीच असते.

खर्चाचे काय? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला दहावीनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले पाहिजे. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. पण जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसला तर हक्क असूनही पैसे हाती येत नाहीत. हे कागद निकाल लागल्यावर नव्हे, त्याआधीच काढून ठेवावेत.

आणखी दोन गोष्टी मनाशी पक्क्या धराव्यात. ठेकेदाराकडे काम करीत असाल तर पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर आणि काम सोडताना अनुभवाचे पत्र मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. मूळ प्रमाणपत्रे मात्र कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. दुसरे, “पैसे भरा, परीक्षेविना पदवी देतो” किंवा “साहेब ओळखीचे आहेत, नोकरी लावतो” असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. माझ्या थोरल्या भावाने अशाच एकाला आईच्या गळ्यातले मोडून पैसे दिले होते. नोकरी लागली नाही, पैसे परत आले नाहीत. आई त्यावर कधी बोलली नाही, पण तिचा मोकळा गळा आम्ही भावंडे पुढे कितीतरी वर्षे पाहत होतो.

धाकटी डहाणूच्या त्या घरी हे सारे एका कागदावर लिहून दिले. मुलीने तो कागद वाचला आणि इलेक्ट्रिशियन या शब्दावर बोट ठेवले. आई म्हणाली, “मुलगी वायरमन होणार?” आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात, हे मी सांगितले. बोटीवरून आलेले वडील तोवर गप्प बसले होते. ते म्हणाले, “बोटीवर दिवा गेला की मीच तार जोडतो. मला कुणी कागद दिला नाही. हिला मिळू दे.”

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघेही दाखल्यांसाठी तहसील कचेरीत गेले.