राजापूरची वखार आणि राधानगरीचं दुकान

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की आमचा मूळ पुरुष राजापूर बंदरात फ्रेंचांच्या वखारीला मिरी आणि कापड पुरवायचा. पुढं घराणं घाट चढून वर आलं. राजर्षी शाहू महाराजांनी कन्या राधाबाईंच्या नावानं राधानगरी वसवली, तेव्हा पणजोबांनी इथल्या पेठेत दुकान मांडलं. ही गोष्ट कितपत खरी, हे शोधताना मला जे समजलं ते प्रत्येक व्यापारी घराण्याच्या उपयोगाचं आहे.

गोष्टीला इतिहासाचा आधार आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये निघाली. १६६८ मध्ये फ्रान्स्वा कॅरोंनं सुरतेला वखार घातली आणि १६७० च्या सुमारास फ्रेंच राजापूरलाही आले. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळा देणाऱ्या इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये इथंच लुटली होती. राजापूर हे मुळात आदिलशाहीच्या मुलखाचं बंदर. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. आमच्या गावावरून जाणारी फोंडा घाटाची वाट याच व्यापाराची.

वंशाचा शोध मात्र १६७० पासून खाली येत नाही, आपल्यापासून मागं जातो. मी आधी सातबारा आणि जुने फेरफार काढले. फेरफारात वारसांची नावं असतात, म्हणून एक पिढी दुसरीला जोडता येते. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ पाहिला. त्यामागचे कागद मोडी लिपीत. कुणबी नोंदींच्या शोधामुळं २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांना गावोगावी बोलावणं येतं. आम्हीही अशाच एका जाणकाराला गाठलं. त्यांनी पहिला धडा दिला तो सालांचा: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, म्हणजे इसवी सन साधारण जुळतो.

मग हेळवी आले. सुगीनंतर बैल घेऊन दारोदार फिरणारे, पिढ्यांची नावं वहीत जपणारे हे लोक आमच्या भागाचे वंशलेखक. "मालक, आडनाव ऱ्हाऊ द्या, मूळ गाव सांगा," असं म्हणत त्यांनी वही उघडली. आडनावं व्यवसायानं आणि गावानं बदलतात, म्हणून त्यांची मांडणी मूळ गावावर आणि कुळावर. आमच्या पानावर मूळ गाव राजापूरच निघालं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या वडिलांची सही सापडली, सोबत भावांची नावं.

फ्रेंच व्यापाऱ्यांच्या वंशजांचंही काम असंच चालतं. पाँडिचेरी, माहे, चंद्रनगर इथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सच्या अभिलेखागारात आहेत. बऱ्याच आता घरबसल्या पाहता येतात. १७७६ च्या राजाज्ञेनं वसाहतींतल्या नोंदींची एक प्रत फ्रान्सला पाठवणं सक्तीचं झालं. वाळवी आणि दमट हवेनं मूळ कागद खाल्ले, तरी प्रत उरली. क्रांतीनंतरची सुमारे बारा वर्षं तिथंही वेगळं पंचांग होतं, म्हणून त्यांनाही साल जुळवत बसावं लागतं.

या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. व्यापारी स्वतःबद्दल क्वचितच लिहितो. पाँडिचेरीत फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेक्सचे दुभाषी असलेल्या आनंद रंग पिळ्ळै यांनी १७३६ पासून तमिळमध्ये रोजनिशी ठेवली, पण असे विरळाच. बाकीच्यांचं नाव उरतं ते त्यांनी ज्याला काही दिलं त्याच्या दप्तरात: जकातदाराला कर, सावकाराला व्याज, उपाध्यायाला दक्षिणा, हेळव्याला धान्य. म्हणून पूर्वज शोधायचा तर त्याचे पैसे कुठं गेले ते आधी शोधावं.

आमचं राजापूर सिद्ध झालं. वखारीशी असलेलं नातं घरची आठवण म्हणून मी वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलं आहे. पुरावा आणि आठवण यांची सरमिसळ केली, तर पुढची पिढी दोन्ही गमावेल. तुमच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या चोपड्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मूळ गाव आजच विचारून घ्या.