सातपुड्यातील शेतघर

वास्तुकला हा शब्द कानी पडला म्हणजे किल्ले, देवालये व राजवाडे डोळ्यांपुढे उभे राहतात. शेतकऱ्याचे घर सहसा कोणास आठवत नाही. परंतु आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरांत, भिल्ल व पावरा बंधूंनी पिढ्यान्‌पिढ्या जी घरे बांधिली, ती वास्तुकलेच्या दृष्टीने खचित अभ्यासनीय आहेत. त्यांस ‘झोपडी’ म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. तसे का, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम जागा पाहू. मैदानी गावांप्रमाणे येथे घरास घर लागून नसते. पाड्यातील घरे विखुरलेली, बहुधा ज्याची त्याच्या शेतात असतात. त्यामुळे पिकाची राखण व गुरांची निगा ही दोन्ही कामे घराच्या ओसरीवरून साधतात.

आता बांधणी. शेंड्यास दुबेळके असलेले सागाचे खांब जमिनीत खोल पुरतात. मधल्या उंच खांबांच्या दुबेळक्यांत आढे बसते, बाजूच्या आखूड खांबांवर तुळया बसतात, आणि आढ्यापासून दोहों अंगांस वासे उतरतात. त्यांवर बांबूच्या कामट्या व शेवटी नळीची कौले किंवा गवत. यातील मर्म असे की, छपराचा सारा भार खांब पेलतात, भिंती नव्हे. म्हणूनच बांबूच्या कुडास शेणमाती लिंपून केलेली हलकी भिंत पुरेशी होते. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो, आणि जाता जाता छपरातील बांबूस किडीपासून राखतो.

पुष्कळ घरांत एका अंगास माणसे व दुसऱ्या अंगास गुरे एकाच छपराखाली राहतात. काही ठिकाणी गोठा निराळा असतो. धान्य शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणग्यांत साठवितात.

कोणी म्हणेल, ही रानटी रीत होय. तर मग इंग्लंडकडे पाहावे. तेथील डार्टमूर प्रांतात मध्ययुगापासूनची दगडी शेतघरे आहेत. त्यांतही वरच्या बाजूस कुटुंब व उताराच्या बाजूस गुरे, अशी एकाच छपराखाली व्यवस्था असे. तिकडील जुन्या लाकडी घरांच्या भिंती ओकच्या चौकटीत काठ्या विणून व त्यांवर माती, शेण आणि गवत यांचा गिलावा देऊन केलेल्या आढळतात. आमचा कूड तो हाच! भेद आहे तो हवामानाचा. तेथे थंडीपावसात मळणी करावयाची, म्हणून शेतघराशेजारी मोठे कोठार बांधून त्यास समोरासमोर दोन दारे ठेवीत. त्यांतून वाहणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणीत असत. आमच्याकडे सुगीच्या वेळी आकाश निरभ्र असते. म्हणून जमीन चोपून व सारवून केलेले उघडे खळे हेच आमचे कोठार. त्यास ना भिंत, ना छप्पर.

तात्पर्य, घर, गोठा, कणगी व खळे मिळून एकच वास्तू होते, आणि ती शेतीचेच एक अवजार असते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास काय होते, ते आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व याच जिल्ह्यातील होत. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्याखाली जाऊ लागली. भार खांबांवर असल्यामुळे अशी घरे उतरविता येतात. अनेक कुटुंबांनी आजोबा-पणजोबांच्या वेळचे सागाचे खांब आपल्याबरोबर नेले. परंतु काही वसाहतींत प्रारंभी पत्र्याचे निवारे मिळाले. माणसास आडोसा झाला. पण गुरे कोठे बांधावी, कणगी कोठे ठेवावी, खळे कोठे करावे, हे प्रश्न तसेच राहिले.

सिमेंटची घरे येत आहेत व येतीलही. पक्क्या घराची इच्छा धरणे हा काही दोष नव्हे. मात्र नवे घर बांधताना जुन्या घराची अक्कल गमावू नये. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची घरे डोंगरात आहेत, त्यांनी येत्या सुटीत आपल्या घराचे माप घ्यावे, नकाशा काढावा, प्रत्येक लाकडाचे नाव आपल्या बोलीत वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. खांब कुजला तर दुसरा मिळेल. नाव विसरले तर ते कोणास विचारावयाचे?