गादी, शटर आणि कंबर

लातूरची गंजगोलाई १९१७ साली उभी राहिली. मधोमध गोलाकार इमारत, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते आणि त्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पेढ्या. नांदेडच्या वजिराबादेत आणि नव्या मोंढ्यातही व्यापाऱ्याचा दिनक्रम फारसा वेगळा नाही. सकाळी शटर उचलण्याने दिवस उघडतो आणि रात्री रोजमेळ जुळवून तो मिटतो. पैशाचा हिशेब चोख ठेवणारा हा वर्ग पाठीच्या हिशेबाबाबत मात्र बहुधा उदासीन असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. अपघात किंवा मोठा आजार हे त्यामागील कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा रोजच्या साध्या सवयी दुखण्याला हातभार लावतात.

पहिली सवय शटरची. मणक्यांमधील चकत्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर अधिक भरते. अशा ताठरलेल्या कमरेतून वाकून हिसक्याने शटर ओढले की सारा ताण चकतीवर येतो. उठल्यानंतर पहिला तासभर खोल वाकणे टाळावे. शटर उचलताना गुडघे वाकवावेत, दोन्ही हात लावावेत आणि जोर पायांचा द्यावा. शटरला वेळोवेळी तेल-ग्रीस दिले, तर निम्मे काम तेच करते.

दुसरी सवय बैठकीची. गादीवर तक्क्याला एका अंगाने रेलून किंवा गल्ल्याच्या खुर्चीत पुढे झुकून तासन्‌तास बसणे कमरेला मानवत नाही. संगणकावर बिले करताना मान खाली जाते आणि पाठीला बाक येतो. पाठीमागच्या खिशातील जाड पाकीट बसताना एक बाजू उंच करते. उपाय सोपा आहे: पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणावा, कमरेमागे छोटी उशी घ्यावी आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर बसणे ज्यांना जड जाते, त्यांनी बैठकीखाली घडी घातलेले आसन घेऊन कंबर थोडी उंच ठेवावी. दुखणे फार असल्यास वडीलधाऱ्यांनी खुर्चीचा संकोच बाळगू नये.

तिसरी सवय ओझ्याची. स्वीडनचे शल्यविशारद आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्याच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. पुढे वाकून वजन उचलताना तो दाब झपाट्याने वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून पोते असो वा पाण्याची घागर, वजन अंगाशी घ्यावे आणि उचलताना कमरेतून वळू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली, तर महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. मालकाने स्वतःची पाठ जपावी आणि हमालाची विसरावी, हे व्यवहारालाही शोभत नाही आणि अहिंसेलाही नाही. ढकलगाडी, पोती ठेवायला कमरेइतका उंच ओटा आणि दोघांनी मिळून उचलण्याची पद्धत यांचा खर्च फार नाही.

काही समजुतीही सोडाव्या लागतील. कंबर दुखली की फळीवर झोपावे, असे घरोघरी सांगितले जाते. परंतु २००३ साली स्पेनमध्ये झालेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक मानवल्याचे दिसले. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहणेही हिताचे नाही. झेपेल तितके चालते-फिरते राहणाऱ्यांचे दुखणे लवकर ओसरते. कंबरपट्टा कायम बांधण्यापेक्षा रोजचे चालणे आणि पाठ-पोटाच्या स्नायूंचा व्यायाम यांचा आधार अधिक टिकाऊ असतो.

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत शमते. मात्र पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप, वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे किंवा रात्रीही न थांबणारी वेदना असेल, तर मालिश आणि मलमात दिवस दवडू नयेत. लघवीचा ताबा सुटल्यास किंवा पायातील शक्ती गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इतर लक्षणांतही तज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. सणासुदीचा हंगाम आहे, गिऱ्हाईक दारात आहे, ही सबब येथे चालत नाही. गेलेले गिऱ्हाईक परत येते. दबलेल्या नसेची गेलेली शक्ती परत येईलच, याची हमी कोणी देत नाही.